पिंपावरची लाल अक्षरं

पिंप बुधवारी घरात आलं आणि काकूंनी त्याला हळदकुंकू लावलं. पाण्याचं नवं भांडं आलं की आधी त्याची पूजा, मग पाणी, ही त्यांची रीत. पिंप तसं नवं नव्हतंच. कुठल्या तरी कारखान्याच्या गाळ्यात रिकामं झालेलं, निळं, माझ्या कमरेएवढं, घट्ट झाकणाचं. घरात तीन महिन्यांचं बाळ, धुणं वाढलेलं, दुधाच्या बाटल्या उकळायच्या आणि नळ पहाटे तासभरच, म्हणून काकूंच्या मुलाने ते आणलं. मुलगा टेम्पो चालवतो, मी त्यांना दादा म्हणते. दादांनी पिंप गाळ्यावरच घासलं, घरी आणून पुन्हा घासलं. तळाला पांढरं काहीतरी थापलेलं होतं, ते खरवडलं तेवढं निघालं.

"चुना आहे," दादा म्हणाले. "चुन्याने काय होतंय? लोक पानात खातात."

काकूंनी कुंकवाची बोटं ओढली, झाकणावर झेंडू ठेवला. बोटं जरा वरच्या अंगाला ओढावी लागली, कारण मधोमध कोणीतरी लाल ऑइलपेंटने मोठी इंग्रजी अक्षरं काढली होती. BaCl2. कारखान्याची काहीतरी खूण असेल, असं आम्ही सगळ्यांनीच धरलं. पिंपाला झाकण घट्ट, मुंगी जायची नाही, म्हणून काकूंनी ते पिण्याच्या पाण्याला ठेवलं. जुना स्टीलचा हंडा वापरायला.

माझी झोपायची जागा मोरीच्या अलीकडे, त्या पिंपाला लागून. उशीवर डोकं टेकलं की अक्षरं बरोबर डोळ्यांसमोर. मधल्या अक्षराखालून रंगाचा एक ओघळ आला होता आणि अर्ध्यावरच वाळला होता. सकाळी जाग आली की आधी तो ओघळ दिसायचा, मग छप्पर.

माझं गाव वैनगंगेच्या काठचं. आठवीच्या पुढची शाळा नदीपलीकडे होती आणि घरात मी थोरली. झालं तेवढंच शिक्षण. मुलुंडला खाखऱ्यांच्या कारखान्यात पाकिटं भरायचं काम मिळालं म्हणून इतक्या लांब आले आणि पहिल्याच महिन्यात टायफॉइडने पडले. कारखान्यातल्या एकीने मला कांजूरमार्गच्या या चाळीत काकूंकडे आणून टाकलं. खरंच टाकलं, मला चालताही येत नव्हतं. काकूंचे यजमान गिरणीत होते, ते जाऊन बरीच वर्षं झालेली. ना ओळख ना पाळख, पण त्या बाईंनी मला पेज भरवली, माझे कपडे धुतले आणि मी बरी झाल्यावर म्हणाल्या, "आता खंय जातलंस? रव हयच."

मी राहिले. तेव्हापासून त्या घरात जे पुढ्यात येतं ते मी मान वर न करता घेते. भात करपला तर करपलेला खाते. कोणी विचारलं की "झकास झालाय" म्हणते. स्वभाव म्हणा, नाहीतर भीती म्हणा. दोन्ही एकाच ताटात जेवतात माझ्याकडे.

म्हणूनच पाण्याला चव आहे, हे मी बोलले नाही.

गुरुवारी सकाळी पहिला पेला प्यायले तेव्हाच कळलं होतं. खारट म्हणावं तर खारट नाही, कडू म्हणावं तर कडू नाही. घोट गेल्यावर जिभेच्या टोकाला आणि ओठांच्या कडेला बारीक मुंग्या यायच्या. कळशीच्या तळाशी पिठीसारखं पांढरं बसायचं. काकूंनीही ते पाहिलं. "बीएमसीन पावडर जास्ती घातल्यान," त्या म्हणाल्या. "पी गो, काय होणा नाय." पावसाळ्यात आमच्याकडे पाणी पांढरट येतं, हे खरंच होतं. मी प्यायले. वर "गार आहे, छान आहे" असंही म्हणाले. कोणी विचारलं नव्हतं.

शुक्रवारी बाळाला जुलाब सुरू झाले. वहिनीला दूध कमी, त्यामुळे बाळ डब्याच्या दुधावर. ती पाणी घड्याळ लावून वीस मिनिटं उकळायची, बाटल्या उकळायची, हात दोनदा धुवायची. कोपऱ्यावरच्या दवाखान्यात डॉक्टरांनी थेंब दिले आणि सांगितलं, उकळलेलं पाणी भरपूर पाजा. वहिनी चमच्याचमच्याने पाजत राहिली.

शनिवारी बाळ रडायचं थांबलं. आधी आम्हाला बरं वाटलं. मग लक्षात आलं की ते रडतच नव्हतं असं नाही, त्याला रडता येत नव्हतं. तोंड उघडायचं, चेहरा आक्रसायचा, आवाज यायचा नाही. हात उचलून सोडला की ओल्या कपड्यासारखा खाली पडायचा. वहिनीही म्हणाली, "माझेपण पाय गळून गेल्यासारखे झालेत गं. जागरणाने असेल."

चाळ तेव्हा रिकामी होती. गणपतीचे दिवस, चाळीत बहुतेक सगळे कोकणातले, ते गावी गेलेले. कुलपं लावलेली दारं एकामागून एक. या वर्षी बाळाला प्रवास नको म्हणून काकूच तेवढ्या मागे राहिलेल्या आणि ते त्यांच्या मनाला लागून होतं. एरवी संध्याकाळी कुकरच्या शिट्ट्या, टीव्ही, भांडणं, सगळं एकात एक मिसळलेलं असतं. आता गॅलरीत कोणी चाललं तर ते आपलंच माणूस असायचं. काकूंनी मीठ-मोहरी-मिरच्या बाळावरून ओवाळून शेगडीत टाकल्या. मिरच्या जळून काळ्या झाल्या, पण खोलीत एकालाही ठसका आला नाही. काकू शेगडीकडे बघत राहिल्या. ठसका नाही म्हणजे दृष्ट लागलेली, आणि तीही मोठी.

"पोराक कोणाची नजर लागली, माका कळना नाय," त्या म्हणाल्या. "हय बघूक माणूस तरी खंय आसा?"

मी पिंपाला टेकून बसले होते.

रविवारी सकाळी माझा वर्ग असतो. सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावीला बसणाऱ्या आम्हा बायकांचा वर्ग, नाहूरच्या एका शाळेत भरतो. मी जाणार नव्हते. वहिनी म्हणाली, "जा गं तू. दादा दुपारी याला मोठ्या दवाखान्यात नेणारेत. तू इथे बसून काय करणारेस, रडण्याशिवाय?" खरं होतं. गेले.

गणपतीची सुट्टी म्हणून शाळा बंद, फक्त आमच्यासाठी उघडलेली. आमच्या विज्ञानाच्या बाई एरवी कॉलेजच्या मुलांना शिकवतात, वयाने आमच्यातल्या निम्म्यांपेक्षा लहान. त्या दिवशी त्यांनी खेळ काढला होता. पिवळी कार्डं तीन मजल्यांवर चिकटवून ठेवलेली. प्रत्येक कार्डावर वरच्या बाजूला एका संयुगाचं नाव आणि त्याची दोन ओळींत ओळख. खाली दुसऱ्याच एखाद्याचं सूत्र. आपल्या हातात मूलद्रव्यांच्या चिन्हांचा तक्ता. सूत्र वाचायचं, तक्त्यावरून नाव लावायचं आणि त्या नावाचं कार्ड शोधत निघायचं. तिथे खाली पुढचं सूत्र. कुठूनही सुरुवात केली तरी फिरून तिथेच परत.

"फोन इकडे," बाईंनी टेबलावर वेताची टोपली ठेवली. "आणि खेळ संपेपर्यंत एक शब्द नाही. बोललात तर पहिल्यापासून."

"मेले," माझ्या बाकावरची म्हणाली. ती भांडुपच्या पार्लरमध्ये काम करते. "गिऱ्हाइकाच्या भुवया करतानापण मी गप्प बसत नाही, बाई. वाट लागणार माझी."

"तुझी तर पहिली लागणार," बाई म्हणाल्या आणि टाळी वाजवली.

सतरा बायका बंद शाळेत विखुरल्या. तो आवाज अजून कानात आहे. आवाज म्हणजे आवाज नसण्याचाच. वरच्या मजल्यावर अनवाणी पावलं, कुठेतरी दार करकरलं, कबुतराने पंख झाडले. एकमेकींसमोर आलो की मान हलवायची आणि बाजूने जायचं. गेल्याच रविवारी ज्यांच्याबरोबर वडापाव खाल्ला त्या बायका कागद हातात धरून, ओठ हलवत, भिंतीकडे बघत माझ्याजवळून जात होत्या, आणि माझ्याकडे त्यांचं लक्षच नव्हतं. फळ्यांवर सुट्टी लागली त्या दिवशीची तारीख. एका वर्गात कोणाची तरी वॉटरबॅग खुंटीला लटकत राहिलेली, तळाशी थोडं पाणी.

मला पहिलं कार्ड खाण्याच्या सोड्याचं मिळालं. त्याखाली NaCl. ते सोपं. मीठ मिळालं कँटीनच्या खिडकीशी. त्याखाली CaCO3. तक्त्यावर बोट ठेवत लावलं: कॅल्शियम कार्बोनेट. बाई कार्डं आपापल्या जागी ठेवतात हे एव्हाना ध्यानात आलं होतं. चुनखडीचा दगड म्हणजे शहाबादी फरशी, आणि शहाबादी फक्त तळमजल्याच्या बोळात. बोळ अंधारा. अगदी टोकाला, जमिनीलगत, फरशीवरच चिकटवलेलं पिवळं कार्ड. मी वाचायला उकिडवी बसले. दिसेना, म्हणून आणखी वाकले, जवळजवळ गाल फरशीला लागला.

कार्डाच्या तळाशी बाईंनी लाल स्केचपेनने पुढचं सूत्र लिहिलं होतं.

BaCl2.

त्या उंचीवरून, त्या रंगात. मला क्षणभर वाटलं, मी घरी उशीवर आहे आणि आत्ता जाग आलीय. ओघळ तेवढा नव्हता.

मी उठले नाही. उठले तर ते खरं होईल असं काहीतरी वाटत होतं. चार दिवस मी ज्याच्या शेजारी झोपत होते ती कारखान्याची खूण नव्हती. ते नाव होतं. कोणाचं तरी नाव आमच्या घरात, हळदकुंकू लावून, फूल वाहून बसलं होतं.

तक्त्यावर Ba शोधलं. बेरियम. हा शब्द मी आयुष्यात ऐकला नव्हता. बेरियम क्लोराइड. आता ते कार्ड सापडलं की त्यावर लिहिलेलं असणार, हा कोण, काय करतो. चुनाच असेल, मी स्वतःला सांगितलं. चुन्याचाच कोणीतरी भाऊ.

मी शोधायला लागले. पाण्याच्या टाकीपाशी पाहिलं, नळांपाशी पाहिलं. बाळवर्गात गेले, तिथे छोट्या लाल खुर्च्या उलट्या करून टेबलांवर ठेवलेल्या, सगळ्यांचे पाय वर. तिथे नव्हतं. दुसऱ्या मजल्यावर प्रत्येक वर्गाच्या दारामागे पाहिलं. बाकीच्या बायका शांतपणे फिरत होत्या, मीच तेवढी धावत होते, आणि कोणी विचारत नव्हतं, कारण विचारायचं नव्हतं. माझ्या ओठांच्या कडेला मुंग्या आल्या. सकाळी निघताना मी एक पेला पिऊन निघाले होते. वहिनी तेव्हा बाटली भरत होती.

जिन्यात पार्लरवाली समोर आली. माझं तोंड बघून थांबली. भुवया उडवल्या: काय? मी तिच्यासमोर कागद धरला, BaCl2 वर बोट ठेवलं. तिने माझ्याकडे पाहिलं, कागदाकडे पाहिलं आणि मोठ्याने बोलली. सगळ्या शाळेत घुमलं.

"वर. तिसरा मजला, लॅबच्या दारावर. जा तू, जा. मी करते पहिल्यापासून."

प्रयोगशाळेला कुलूप होतं. दारावर, डोळ्यांच्या उंचीवर, कार्ड.

"बेरियम क्लोराइड. पांढरे, मिठासारखे दिसते. पाण्यात विरघळले की दिसत नाही. लोखंडी भाग तापवून टणक करण्याच्या भट्टीत वापरतात. चव खारट-कडवट, असे पुस्तकात म्हटले आहे. पण चाखू नका, विषारी आहे."

चव मला माहीत होती. पुस्तकात लिहिली होती त्याहून चांगली माहीत होती.

यानंतर मी धावत खाली गेले असं लिहिलं तर बरं दिसेल. पण मी मधल्या जिन्यात थांबले. किती वेळ ते सांगता येत नाही, थोडाच असेल, पण थांबले. कारण मी चुकत असेन तर? सूत्रं शिकून मला तीन रविवार झालेले. आणि बरोबर असेन, तर मला फोन करून त्या माणसांना सांगायचं होतं की तुम्ही तुमच्या पोराला विष पाजताय. मला पेज भरवणाऱ्या बाईला सांगायचं होतं. वर ती विचारणार, पाण्याला चव होती तर चार दिवस तू बोलली का नाहीस?

मग टोपलीतल्या एका फोनची घंटी वाजली. कोणाचा होता कोण जाणे, माझा नव्हता. पण माझे पाय सुटले.

बाई टेबलावर परीक्षानळ्या मांडत होत्या. "पहिल्यापासून हं," त्या हसल्या, "मला ऐकू आलाय आवाज."

"बाई, बेरियम क्लोराइड आमच्या घरी आहे."

"घरी कसं असेल गं?"

मी सांगितलं. पिंप, लाल अक्षरं, तळाचं पांढरं, टेम्पो, गाळा, बाळ. मध्येच मला कळलं की मी गावाकडच्या बोलीत बोलतेय, आणि भरभर. बाईंनी फक्त एक विचारलं. "त्या गाळ्यात काय करतात?"

"लोखंडाचे भाग तापवतात. दादा म्हणतात, भट्ट्या आहेत."

त्यांच्या हातातली नळी त्यांनी हळूच खाली ठेवली. "फोन लाव."

वहिनीने उचलला. मी म्हटलं, "वहिनी, पिंपातलं पाणी बाळाला देऊ नका. तुम्हीपण पिऊ नका. कोणीच नका."

"का गं? काय झालं?"

मागून दादांचा आवाज आला. त्यांनी फोन घेतला. "काय झालं पिंपाला? मी दोनदा घासलंय ते."

"दादा, त्याच्यावर लिहिलंय ते औषधाचं नाव आहे. म्हणजे विषाचं. आमच्या कार्डावर..."

"तुझ्या कार्डावर? तीन रविवार शाळेत गेलीस आणि मला शिकवतेस काय? चुना होता तो."

आणि त्यांच्याही मागून काकू, फोनपासून लांब, पण स्वच्छ: "माझो झील घरात विख आणीत काय? विचार तिका."

बाईंनी माझ्या हातातून फोन घेतला. त्यांचा आवाज एकदम वेगळा झाला, कॉलेजातला असावा. "मी हिची शिक्षिका बोलतेय. बाळाला आत्ता बाटली दिलीय का? नाही ना? देऊ नका. आम्ही वीस मिनिटांत येतो. मी तुमच्यासमोर तपासून दाखवते. मी चुकले तर तुम्ही मला काहीही बोला." मग पार्लरवालीकडे वळून, "तू वर्ग सांभाळ."

"मी?" ती म्हणाली.

"बोलता तुलाच येतं ना?"

रिक्षात बाईंच्या मांडीवर लाकडी पेटी होती. खेळ संपल्यावर त्या आम्हाला एक गंमत दाखवणार होत्या: पाण्यासारखी दोन द्रावणं एकत्र करायची आणि दूध झालेलं पाहायचं. त्यातलं एक द्रावण सोडियम सल्फेटचं, ते पेटीत होतं. दुसरं बेरियम क्लोराइडचं. बाईंनी वाटेत एकदाच विचारलं, "तू पण प्यायलीस?" मी हो म्हटलं.

खोलीत दादा दारात उभे, वहिनी बाळाला घेऊन खाटेवर, काकू देवाजवळ. बाई कोणाशी ओळखपाळख करत बसल्या नाहीत. दोन काचेचे पेले मागितले. एकात काकूंच्या जुन्या स्टीलच्या हंड्यातलं पाणी घेतलं, एकात पिंपातलं. दोन्ही खिडकीत ठेवले. दोन्ही सारखेच, स्वच्छ, पलीकडचं कुलूप लावलेलं दार दिसावं इतके. आधी हंड्याच्या पाण्यात थेंब टाकले. काही नाही.

मग पिंपाच्या पाण्यात.

आधी तिथेही काही नाही असं वाटलं, आणि मला, देवाशपथ, आनंद झाला. मग थेंब पडला होता तिथून पांढरं धुकं खाली उतरायला लागलं. सावकाश, वळणं घेत, जसं काही आत कोणी होतं आणि आत्ता श्वास सोडत होतं. तळाला टेकलं, पसरलं, वर आलं. बघता बघता पेल्यापलीकडचं दार दिसेनासं झालं.

दादा खाली बसले. काकू पेल्याकडे बघत होत्या, मग पिंपाकडे, कुंकवाच्या बोटांकडे. मग माझ्याकडे. त्या बघण्याला मी अजून नाव देऊ शकत नाही.

हॉस्पिटलात डॉक्टरांनी आधी दूध, हगवण, संसर्ग असंच विचारलं. बाईंनी कागदावर नाव आणि सूत्र दोन्ही लिहून समोर ठेवलं. डॉक्टरांनी ते वाचलं आणि उठून उभेच राहिले. रक्त घेतलं, छातीवर पट्ट्या लावल्या, सलाईन सुरू झालं. बेरियममुळे अंगातलं पोटॅशियम जागेवर राहत नाही, म्हणून स्नायू सैल पडतात, त्यांनी समजावलं. पाणी उकळून ते जात नाही. वहिनीलाही दाखल केलं. आम्हा तिघांचं रक्त तपासलं आणि सोडलं. "कशाने झालं ते कळलं, हे बरं झालं," डॉक्टर म्हणाले. "नुसते जुलाब समजून आपण दोन दिवस घालवले असते."

दुसऱ्या दिवशी सकाळी बाळाने पाय झाडला. एकदाच, सलाईनच्या नळीला लागेल असा. वहिनीने नर्सला इतक्या जोरात हाक मारली की शेजारच्या खाटेवरचं मूल दचकून रडायला लागलं.

तेव्हा दादा माझ्याशी पहिल्यांदा बोलले. बाहेरच्या बाकावर, समोर बघत.

"दोन आणली होती."

"काय?"

"पिंपं. एक शेजारच्या म्हातारीला दिलं. बुधवारीच. गुरुवारी पहाटे नळ आला तेव्हा मीच भरून ठेवलं तिचं, आल्यावर पाण्याची पंचाईत नको म्हणून. लगेच ती गावाला गेली."

आमच्या भिंतीला लागून ती खोली. आजी एकटीच राहायच्या, काकूंच्याच वयाच्या. दादांनी तिथूनच फोन लावला. संपर्क होत नव्हता. त्यांच्या वाडीत रेंज मिळत नाही, वर सड्यावर, माळरानावर जावं लागतं. गावातल्या दुसऱ्या एकाला निरोप ठेवला. तो म्हणाला, सांगतो. पण सांगितलं की नाही कळलं नाही. गौरी गेल्या की लोक कोणत्याही दिवशी, मिळेल त्या गाडीने परततात. दादा म्हणाले कुलूप तोडू. काकू म्हणाल्या, "लोकाचा कुलूप तोडूचा नाय. घरात देव आसत तिचे." माझ्याकडे न बघता म्हणाल्या. रविवारपासून माझ्याशी त्या थेट बोलतच नव्हत्या. जेवायला वाढायच्या, पण "वाढलंय" हे भिंतीला सांगायच्या.

मी वहीचं पान फाडून मोठ्या अक्षरांत लिहिलं: आतल्या पिंपातलं पाणी पिऊ नका. त्यात विष आहे. आधी आमचं दार वाजवा. ते आजींच्या कुलपावर चिकटवलं. लिहिताना हात नीट चालला. आयुष्यात मी कोणाला बजावून काही लिहिलं नव्हतं.

मग मी कामावरून आले की गॅलरीत बसायचे. खाडा होऊ नये म्हणून कामावर जायचे, पण तिथेही पाकिटं भरताना मला ती बंद खोली दिसायची. आमच्यात नि त्या पाण्यात एक भिंत. झाकणाखाली ते तसंच उभं होतं, भरलेलं, हलत नव्हतं, खराब होत नव्हतं. वास येणार नव्हता. कितीही दिवस वाट बघू शकत होतं.

सोमवारपासून गावचे लोक परतायला लागले. रोज एकदोन कुलपं निघायची. बाळ आणि वहिनी गुरुवारी घरी आले. शुक्रवारी मला दुपारची पाळी होती, पहाटे नळाच्या वेळेला मी मोरीत कपडे धूत होते. नळ जोरात सुरू. मध्येच बंद केला, आणि भिंतीपलीकडे भांडं वाजलं.

हात तसेच साबणाचे घेऊन पळाले. दार उघडं. आत अंधार, आजींनी खिडकीही उघडली नव्हती. पिशव्या दारातच, नारळ, फणसपोळीचा पुडा. माझं पान चुरगळून चपलांपाशी पडलेलं. आजी पिंपापाशी, झाकण खाली, हातात भरलेला पेला.

"आजी, थांबा! पिऊ नका!"

त्या दचकल्या, पाणी साडीवर सांडलं. "अगो बाये! मारशीत माका. काय झाला?"

"दारावर लिहिलं होतं ना!"

"माका खंय वाचूक येता? म्युनिसिपाल्टीची नोटीस वाटली, काढून टाकलंय."

मी पेला त्यांच्या हातातून घेतला. घेतला म्हणजे ओढलाच. "प्यायलात? थोडं तरी?"

"आत्ताच तर भरलंय. तू पिऊक देशीत तर पीन ना मी." मग माझ्या तोंडाकडे पाहून त्यांचा आवाज उतरला. "काय आसा गो त्या पाण्यात?"

मी पेला ठेवायला जागा शोधत होते आणि कुठेच ठेवावासा वाटेना.

मागे काकू उभ्या होत्या. त्यांच्या हातात हंड्यातल्या पाण्याचा तांब्या होता. तो त्यांनी आजींना दिला. "ह्या पी. मागाहून सगळा सांगतंय." मग पदर खोचला, पिंपाच्या कडेला दोन्ही हात घातले. मी समोरून धरलं. लाल अक्षरं माझ्या बाजूला होती. पिंप आडवं करून आम्ही मोरीत ओतायला लागलो. आधी स्वच्छ पाणी गेलं, मग तळाचं पांढरं. पिंप जड होतं, माझे हात साबणाने निसटत होते.

"सांभाळ गो," काकू म्हणाल्या. पाच दिवसांत पहिल्यांदा, माझ्याकडे बघून. "पायार घेशीत. अशी, माझ्याबाजून ये. हां. आता सोड."